दुसऱ्याचा शब्द, माझ्या तोंडून

९ जून

रेवती मॅडमचा फोन आला तेव्हा हात कणकेत होते. तनूने फोन माझ्या कानाला धरून ठेवला. पुढच्या आठवड्यात सुरतेतच उधन्याला, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलचं ऑडिट आहे, दुभाषी म्हणून येशील ना, असं विचारत होत्या. मिलचं नाव ऐकलं आणि जरा थांबले. आमच्या डिंडोलीतली अर्धी गल्ली तिथे कामाला. मंगलताई तिथेच फोल्डिंग खात्यात, तिचा नवरा भास्करभाऊ तिथल्याच रंगाचं पाणी साफ करायच्या प्लांटवर.

मॅडमना सरळ सांगितलं. म्हटलं, ही माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली माणसं आहेत, काही तर माझ्या माहेरच्या बाजूची. चालत नसेल तर दुसरं कोणी बघा. त्या म्हणाल्या, उलट बरं आहे, तुझ्यासमोर मोकळं बोलतील. वर म्हणाल्या, तू हे आधीच सांगितलंस, मला आवडलं.

त्यांना आवडलं याचं मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

योगेशला सांगितलं. तो मार्केटातून नुकताच आला होता, पाय धूत होता. "गल्लीतलं काम नको घेऊस," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, अरे भल्याचं काम आहे. त्याने पाय पुसले.

१४ जून

मॅडम चेन्नईहून आल्या. हॉटेलात सामान टाकून थेट घरी जेवायला. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली होती. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तनूशी इंग्रजीत बोलत बसल्या. तनू लाजली, मग सुटली.

दोन वर्षं झाली त्यांच्याबरोबर काम करते आहे. पहिल्या वेळी मी इतकी घाबरले होते की बाईने "बरं आहे" म्हटलं ते "पाऊस आहे" असं भाषांतर केलं. त्या हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर फक्त म्हणाल्या, घाई करू नकोस, माणसाला बोलून संपवू दे. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही. पालिकेच्या मराठी शाळेत शिकले, मग गुजराती कॉलेज, इंग्रजी स्वतःच्या हट्टाने. या बाईने पहिल्यांदा म्हटलं की तुझ्या तीन-चार भाषा हे ओझं नाही, कसब आहे.

आज पुन्हा ऑडिटरच्या ट्रेनिंगचा विषय काढला. या कामानंतर मी तुझं नाव सुचवते म्हणाल्या. मग तू माझ्या शेजारी नाही, माझ्या खुर्चीत बसशील.

योगेश त्या गेल्यावर म्हणाला, बाई चांगली आहे. तो असं फार कोणाबद्दल म्हणत नाही.

१६ जून

पहिला दिवस. गेटपासून रंगाचा वास. सगळीकडे नवा रंग, भिंतीवर हिरवी पानं काढलेली, खाली "आपली पृथ्वी" असं गुजरातीत. शेठ स्वतः उभे. हार वगैरे. त्यांच्या बाजूला जिग्नेशभाई. हे सल्लागार. मिलना असल्या सर्टिफिकेटसाठी तयार करून देणं हाच त्यांचा धंदा. परदेशातले खरेदीदार हल्ली विचारतात, कामगारांना नीट वागवता का, पाणी घाण करता का, मुलं कामाला लावता का. सर्टिफिकेट असेल तरच माल घेतात. शेठची एक मोठी ऑर्डर त्यावर अडकली आहे, हे जिग्नेशभाईंनीच मला चहा पिताना सांगितलं.

कामगारांच्या मुलाखती सुरू. ओडिया माणसांसाठी दुसरा दुभाषी, मराठी आणि हिंदी माझ्याकडे. सगळे एकच बोलत होते. पगार वेळेवर, सुट्टी मिळते, शेठ देवमाणूस. एकाने तर मॅडमनी प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर दिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, नाहीतर हसू आलं असतं.

सगळ्यांच्या हातात कोरे हातमोजे. घड्याही मोडल्या नव्हत्या.

प्लांटही पाहिला. यंत्रं घरघरत होती, टाक्यांत पाणी फिरत होतं, बाहेर पडत होतं ते जवळजवळ स्वच्छ. भास्करभाऊ तिथे उभे. मला पाहून ओळख दाखवली नाही. मीही नाही. हे बरोबरच होतं, पण विचित्र वाटलं. परवाच त्यांच्या घरी पापड वाळत घालायला गेले होते.

१७ जून

मंगलताईची मुलाखत.

यादीत तिच्यावर खूण मॅडमनी स्वतः केली होती. मी काही बोलले नव्हते. ऑफिसच्या वरची खोली, दार बंद. आत आम्ही तिघीच. मॅडमनी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि मी नेहमीसारखं मराठीत केलं. तुम्ही सांगाल ते तुमच्या नावाने या खोलीबाहेर जाणार नाही. कोणी त्रास दिला तर आम्हाला कळवा.

मंगलताई साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. मग मॅडमकडे न बघता माझ्याकडे बघून अहिराणीत विचारलं, "जया, हाई खरं शे का?"

मी म्हटलं, "खरं शे. मी शे ना."

खरं आहे, मी आहे ना. हे मॅडमना भाषांतर करून सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय.

मग ती बोलली. मला वाटलं होतं हातमोज्यांबद्दल बोलेल, ते सकाळी वाटले, संध्याकाळी परत घेणार. ते बोललीच. पण मग पाण्याबद्दलही बोलली. प्लांट कोणी पाहुणे आले तरच चालतो. एरवी बंद. रंगाचं पाणी मागच्या भिंतीखालच्या पाइपाने सरळ खाडीत. भास्करभाऊंना तो व्हॉल्व फिरवावा लागतो. घरी येऊन जेवत नाहीत नीट. त्यांना हे काम नको आहे पण सोडलं तर दुसरं कुठे. आपल्याच पोरांची शाळा त्या खाडीच्या काठाला आहे, असं म्हणाली.

मी एकेक वाक्य केलं. घाई केली नाही. मॅडमनी नाव लिहिलं नाही, मी पाहिलं. फक्त खूण केली.

उठताना मंगलताईने माझ्या दंडाला हात लावला. हलकी दिसत होती. खरंच हलकी. मला वाटलं, आज काहीतरी काम झालं.

१८ जून

शेवटची बैठक इंग्रजीत होती, त्यामुळे मला थांबायची गरज नव्हती. कॅन्टीनमध्ये चहा घेऊन निघाले. मॅडम गेटपर्यंत आल्या. म्हणाल्या, तुझ्याशिवाय हे निघालं नसतं. मी तनूसाठी त्यांनी दिलेली पेनं पर्समध्ये टाकली.

घरी चालतच आले. उगाच.

२४ जून

दूधवाल्याच्या दारात गल्लीतल्या सुनीताने सांगितलं. मंगलताईला कामावरून काढलं. भास्करभाऊंनाही. कारण काय तर काम कमी झालंय. तिच्या खात्यातली बाकी सगळी तशीच आहेत.

सुनीता सांगत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. दूध सांडलं माझ्याकडून.

योगेशला सांगितलं नाही अजून. आधी मंगलताईकडे जाते.

२५ जून

गेले. दार उघडं होतं. भास्करभाऊ खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मंगलताई डाळ निवडत होती. उठली नाही.

"आते कसाले उनी?" आता कशाला आलीस. आवाज चढला नव्हता. तेच जास्त लागलं.

मी काय घडलं ते विचारलं. शेठने दोघांना ऑफिसात बोलावलं होतं. समोर चहा ठेवला. म्हणाला, तुमच्याच गल्लीतली बाई आली होती ना, तिनेच सांगितलं, घर ओळखते, नवरा-बायको दोघांना ओळखते. तेव्हा खोटं बोलू नका. भास्करभाऊ खोटं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मंगलताई म्हणाली.

मी म्हटलं, मी एक शब्द बोलले नाही. आईची शपथ घेतली. ती डाळ निवडत राहिली.

"तू व्हती म्हनीसन मी बोलनू."

तू होतीस म्हणून मी बोलले.  खरंच होतं ते. भास्करभाऊ तोपर्यंत एकदाही वळले नव्हते. निघाले तर त्यांनी भिंतीकडे बघूनच म्हटलं, दार ओढून घे.

२८ जून

मॅडम फोन घेत नाहीत. मेसेज टाकला. "प्रवासात आहे, निवांत बोलू." हसरा चेहरा खाली.

त्यांना माहीत नसेल. माहीत झालं तर त्या काहीतरी करतील. त्यांनीच म्हटलं होतं कळवा म्हणून. कळवलं मी. दोनदा.

शेठला कळलं कसं याचा विचार करून डोकं दुखतंय. दाराला कान लावून कोणी होतं का. जिग्नेशभाई? मी कुठे काही बोलले का, कॅन्टीनमध्ये, चहावाल्याशी? एकेक आठवून पाहिलं. नाही.

सकाळी नळावर गेले तर बायकांचं बोलणं थांबलं. असं पुस्तकात वाचलं होतं.

३ जुलै

जिग्नेशभाई घरी आले. पेढे घेऊन. मिलला सर्टिफिकेट मिळणार, नक्की झालं, कागद यायचा बाकी.

मी पेढ्यांचा डबा हातात घेतला नाही. टेबलावर ठेवला त्यांनी. मग मी मंगलताईचं विचारलं. त्यांना वाटलं मला सगळं माहीतच आहे. इतक्या सहज सांगितलं त्यांनी.

शेवटच्या बैठकीत मॅडमनी पाइपाचा विषय काढला. शेठ म्हणाले, असा पाइपच नाही, कोणी दुश्मनाने सांगितलं असेल. मॅडम म्हणाल्या, दुश्मन नाही, फोल्डिंगमधल्या बाईचं म्हणणं आहे, तिचा नवरा प्लांटवर आहे. शेठ तरी मानेनात. तेव्हा मॅडम म्हणाल्या, आमची दुभाषी त्याच गल्लीत राहते, त्या घराला चांगली ओळखते, हे खोटं असेल असं मला वाटत नाही.

मी विचारलं, असंच म्हणाल्या? हेच शब्द?

"हा बेन, हुं त्यांज हतो." मी तिथेच होतो.

मग ते मला समजावायला लागले. शेठने तो पाइप सिमेंटने बंद केला. मॅडमनी तो दोष मोठ्यातून काढून छोट्यात टाकला, सुधारणा झाली म्हणून. शेठ खूश, खरेदीदार खूश, खाडीत पाणी जात नाही. "आमां खोटुं शुं थयुं, जयाबेन?" यात वाईट काय झालं, असं खरंच विचारत होते. वाईट माणूस नाही हा. म्हणून जास्त राग आला.

पेढे शेजारच्या म्हातारीला दिले. तिला काही ठाऊक नाही, ती खाऊन म्हणाली, कशाचे गं.

४ जुलै

ऑफिसच्या नंबरवर लावला तेव्हा मॅडमनी उचलला.

मी हिंदीत बोलायला लागले, मग इंग्रजीत, मग कुठल्या भाषेत बोलतेय याचं भान गेलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मधे बोलल्या नाहीत. ती सवय त्यांचीच.

मग म्हणाल्या, जया, मी नाव घेतलं नाही.

म्हटलं, फोल्डिंगमधली बाई जिचा नवरा प्लांटवर, अशी मिलमध्ये एकच आहे.

त्यावर म्हणाल्या, शेठ मान्यच करत नव्हता. कुठलाही आधार दिला नसता तर हसून उडवलं असतं. पाइप तसाच राहिला असता. मला पाइप बंद करायचा होता, तो झाला. जाऊन बघ. तुझ्या मुलीची शाळा त्याच खाडीजवळ आहे ना?

तनूची नाही, मंगलताईच्या मुलांची आहे. पण हे त्यांना मी माझं म्हणून सांगितलं नव्हतं. मंगलताईनेच सांगितलं होतं, त्या खोलीत. त्यांच्या मनात कोणाचं काय हे सगळं एकत्र झालं होतं.

"आणि माझं का सांगितलंत?"

"तुझं नाव नाही घेतलं. दुभाषी म्हटलं."

"खोलीत दुभाषी एकच होती, मॅडम."

त्या म्हणाल्या, मला वाईट वाटतं त्या बाईसाठी. खरंच वाटतं. पण मोठं काम करायचं तर काही गोष्टी आपल्या हातात राहत नाहीत. तू या क्षेत्रात पुढे येशील तेव्हा तुला कळेल.

मी विचारलं, आपण सांगितलं होतं की त्रास झाला तर कळवा. मी कळवतेय. आता तुम्ही काय करणार?

त्या म्हणाल्या, लेखी द्यायला सांग तिला.

फोन ठेवल्यावर भात करपल्याचा वास आला.

 दोन वर्षं या बाईचं प्रत्येक वाक्य मी माझं करून बोलले. आधी तोलायची, मग मराठीत आणायची, बायकांना कळेल असं. ते वाक्य तिचं होतं, पण मंगलताईने ते माझ्या तोंडून ऐकलं. तिच्या लेखी ते मीच दिलं. आणि मीही दिलंच. "मी शे ना" म्हटलं. ते तर कोणाचं भाषांतर नव्हतं.

११ जुलै

ट्रेनिंगची मेल आली. माझं नाव सुचवलंय. मॅडमनी दोन ओळी लिहिल्यात माझ्याबद्दल. विश्वासू, स्थानिक समाजात चांगले संबंध.

बंद केलं. पुन्हा उघडून वाचलं. बंद केलं.

योगेशला दाखवली. त्याला आता सगळं माहीत आहे. म्हणाला, जा. मी म्हटलं, कुठे जाऊ. म्हणाला, तुला हेच हवं होतं ना इतकी वर्षं.

हो.

२० जुलै

मिलच्या गेटवर मोठा फलक लागलाय. बसमधून दिसला. हिरवं पान, त्याखाली जबाबदार उद्योग वगैरे. शेठचा फोटो. बस सिग्नलला थांबली आणि मला ते सगळं वाचावं लागलं.

परत येताना उतरून मागच्या बाजूला गेले. भिंत, झुडपं, पाइपाच्या तोंडावर सिमेंट. ओलं नव्हतं, पक्कं होतं. म्हणजे मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. तिथे उभी राहून मला कोणाचा राग करावा ते कळेना. पावसाने खाडी भरून वाहत होती. पाणी साधं मातकट. तांबडं नाही, जांभळं नाही. असं पाणी या खाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असेल.

ज्या बाईमुळे हे झालं ती आता घरी साड्यांना खडे चिकटवते. भास्करभाऊ चलथाणच्या साखर कारखान्यात गेलेत, हंगामाआधीच्या दुरुस्तीच्या कामावर. तिकडेच झोपतात, शनिवारी येतात. सुनीताकडून कळलं. सुनीता अलीकडे थोडं बोलते.

३ ऑगस्ट

कानबाई, आम्हा खानदेशींची श्रावणातली देवी. मंगलताईच्या भाऊबंदांची कानबाई बसते, दर वर्षी देवीच्या नारळाला नथ आणि दागिने घालायला मला बोलावतात. माझा हात त्याला बसलाय म्हणतात. यंदा बोलावणं नाही. वाट पाहिली नाही असं लिहिणार होते. पाहिली. सकाळी अंघोळ करून साडी नेसून बसले होते.

तनू विचारत होती, आपण कधी जायचं.

तिला सुनीताच्या मुलींबरोबर पाठवलं. घरी आल्यावर म्हणाली, मंगलमावशीने मला जवळ घेतलं आणि खीर दिली. मग विचारलं, तुझ्या आईने काय केलं आज. मी सांगितलं काही नाही, बसलीये.

मी तनूला म्हटलं, मग ती काय म्हणाली?

"काही नाही. अजून खीर वाढली."

४ ऑगस्ट

विसर्जनाची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. पाण्याचा तांब्या आणि ओवाळायचं ताट घेऊन उभी राहिले. बायका थांबल्या, मी पाट घेतलेलीच्या पायांवर पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं. मंगलताईच्या डोक्यावर कानबाईचा पाट होता. तिला मान वळवता येत नव्हती, वळवायचीही नसेल. तिचे पाय माझ्या हाताला लागले.

बँड मोठा होता. कोणी काही बोललं तरी ऐकू आलं नसतं.

६ ऑगस्ट

ठरवलं. लिहून पाठवते. ज्या परदेशी संस्थेचं हे सर्टिफिकेट आहे तिच्याकडे तक्रारीची सोय आहे. मीच हे किती वेळा बायकांना वाचून दाखवलंय. मॅडमच्या कंपनीकडे नाही, त्यांच्या वर.

योगेशशी भांडण झालं. भांडण म्हणजे तो बोलत नव्हता, मी बोलत होते. शेवटी म्हणाला, तुझं हे काम कायमचं जाईल. सुरतेतले सगळे सल्लागार एकमेकांना ओळखतात. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, सोपं आहे म्हणायला, आणि मग म्हणाला, लिही. इंग्रजी तुझं चांगलं आहे.

मंगलताईचं नाव घातलं नाही. तिला विचारल्याशिवाय घालणार नाही. माझं घातलं, पूर्ण.

ट्रेनिंगवाल्यांना नकार कळवला. दोन ओळींत.

१९ ऑगस्ट

उत्तर नाही. जिग्नेशभाई मार्केटात योगेशला भेटले, केम छो म्हणाले आणि पुढे गेले. एरवी थांबून चहा घेतात.

मॅडमचा मेसेज. फक्त माझं नाव आणि प्रश्नचिन्ह. मी काही लिहिलं नाही. खूप वेळ त्या तिकडे टाइप करत असल्याचं दिसत होतं. मग बंद झालं.

मला त्यांची आठवण येते. हे कोणाला सांगता येत नाही. खूप राग आणि तरी काही अडलं की वाटतं, मॅडमना विचारू.

२६ ऑगस्ट

फोन आला. परदेशातला नंबर. एक साहेब, इंग्रजी स्वच्छ, हळू बोलणारे. तुमची तक्रार वाचली म्हणाले. गंभीर आहे म्हणाले. सर्टिफिकेट थांबवायचं की नाही हे आताच सांगता येत नाही. आधी त्या कामगार बाईंचं म्हणणं त्यांच्याकडूनच ऐकावं लागेल. व्हिडिओवर बोलता येईल, सोमवारी. मिलला कळणार नाही.

मी विचारलं, कशावरून?

ते म्हणाले, तुमचा प्रश्न बरोबर आहे. मग आवाज रेकॉर्ड होणार नाही, कोण ऐकणार, पुढे कोणाला काय कळवणार, हे सगळं लेखी आधी पाठवतो म्हणाले. मॅडम असं कधी म्हणाल्या नव्हत्या. पण मॅडमही पहिल्या दिवशी चांगल्याच वाटल्या होत्या.

शेवटी म्हणाले, दुभाषी म्हणून तुम्हीच असाल तर सोपं जाईल. तुम्हाला त्यांची बोली येते.

मी हो म्हटलं. न विचारता हो म्हटलं.

उद्या गणपती. घरात सगळं पसरलंय. तिच्याकडे परवा जाते.

२८ ऑगस्ट

मंगलताईकडे. खाली चटईवर गुलाबी साडी पसरली होती. चिमट्याने खडा उचलायचा, गोंदाचा थेंब, खडा, पुढचा. ती थांबली नाही. मी दारातच बसले. सगळं सांगितलं. कोणी फोन केला, काय म्हणाले. लेखी आलेलं वाचून दाखवलं, प्रत्येक ओळ. हेही सांगितलं की मिलला कळणार नाही असं ते म्हणताहेत, मी म्हणत नाही. मला माहीत नाही. शेठच्या समोर मॅडमनी काय सांगितलं तेही सांगितलं, पहिल्यांदा. तिला वाटत होतं मी जाऊन बोलले. मी गेले नव्हते. पण माझ्यामुळे झालं हे खरं, तेही म्हटलं.

चिमटा थोडा वेळ हवेत राहिला. गोंद सुकला असेल.

तिने विचारलं, पैसे मिळतील का, काम परत मिळेल का. म्हटलं, माहीत नाही. विचारलं, पाइप बंद झाला ना. म्हटलं, हो, बघून आले. तिने मान हलवली. मग विचारलं, मग आता माझ्या बोलण्याने काय होणार?

 मी म्हटलं, पुढच्या मिलमध्ये पुढच्या बाईला कोणी असं सांगून फसवणार नाही. कदाचित.

बाहेर मंडळाचा भोंगा सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला. तिने साडी एक वीत पुढे ओढली आणि म्हणाली,

"बोलसू मी. पन तुना तोंडघाई नही."

बोलीन मी, पण तुझ्या तोंडाने नाही.

मी बरं म्हटलं. ती पुढचा खडा उचलायला लागली. मला जा म्हणाली नाही, आत ये म्हणाली नाही. मी बराच वेळ दारात बसून राहिले.

सोमवारला चार दिवस. अहिराणी येणारं, इंग्रजी येणारं, आणि ज्याच्यावर मंगलताईचा विश्वास बसेल असं माणूस डिंडोलीत शोधायचं आहे. सुनीताची भाची कॉलेजला आहे, पण ती अहिराणी समजते, बोलत नाही. योगेशचा एक मित्र आहे उधन्याला. तो पुरुष, त्याच्यासमोर ती कितपत बोलेल, तिलाच विचारायला हवं.